टॉवेलांमधली अन्नपूर्णा

श्रीधरचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात, ऑफिसात बॉसची नक्कल करत होतो. "नीलिमा गेली रे," एवढंच तो म्हणाला. समोरचे अजून हसत होते...

नीलिमा माझी पुण्यातली कॉलेजची मैत्रीण, श्रीधरची बायको. केंब्रिजमध्ये पुरातत्त्व शिकवायची. आयुष्यभर एकच प्रश्न घेऊन बसली: स्पेनमधल्या प्राचीन आयबेरियन लोकांना देऊळ बांधायचं सुचलं कुठून? बरेच विद्वान म्हणायचे, पूर्वेकडून जहाजांतून आलेल्या व्यापाऱ्यांकडून. ती म्हणायची, "थोडं घेतलं असेल. पण त्यांची जुनी देवळं बघ, साधी घरंच आहेत. खोली, मध्ये चूल. इथल्या लोकांना 'देवघर' समजावताना माझा घसा सुकतो. देवाचं घर नाही रे, घरातला देव!"

तिचं स्वतःचं देवघर वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. घरातली सगळ्यात उबदार जागा. तिथे टॉवेलांच्या घड्या आणि त्यांना टेकून आईने लग्नात दिलेली पितळी अन्नपूर्णा. पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा न बघता टॉवेल ओढला आणि बाथरूमकडे निघालो. जिन्यावरून आरोळी आली, "अरे गाढवा, माझ्या आईची अन्नपूर्णा घेऊन आंघोळीला कुठे निघालास?" मी तत्काळ टॉवेल खांद्यावर घेऊन पालखीचा भोई झालो. ती पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पुढे प्रत्येक पार्टीत हा प्रवेश मी केला, आणि दर वेळी ती तशीच हसली. त्या हसण्यासाठीच तर करायचो.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी त्यांचा बॉयलर कायमचा बंद पडला. नव्याला टाकी लागत नाही. बसवायला आलेला माणूस म्हणाला, कपाट पाडा, बाथरूम मोठी होईल. मी गेलो तेव्हा श्रीधर अन्नपूर्णा हातात धरून उभा. "तूच सांग, हिला कुठे ठेवू? खाली हॉलमध्ये छान दिसेल... पण नीलूला चाललं असतं?"

 मला नीलिमाचंच एक वाक्य आठवलं: "ती आयबेरियन माणसं भिंती पाडून नव्या बांधायची, पण नवी वेदी जुन्या वेदीवरच. जागा सोडायची नाहीत."

"कपाट राहू दे," मी म्हणालो.

आता तिथे ऊब नाही. तरी श्रीधर टॉवेल तिथेच ठेवतो. परवा राहिलो तेव्हा मुद्दाम न बघता एक ओढला. अन्नपूर्णा हातात आली, गारठलेली. मी बाथरूमकडे दोन पावलं टाकली आणि थांबलो... जिन्यावरून कोणीच ओरडलं नाही.