नानांचा हूक

आमचं जळगावला लाइट फिटिंगच्या सामानाचं दुकान आहे. गल्ल्यावर बहुतेक वेळ मीच असते. दर थोड्या दिवसांनी कुणीतरी आवाज बारीक करून सांगतं, "ताई, आमच्या मागच्या खोलीतला दिवा आपोआप लुकलुकतो हो..." मी त्यांना नवा होल्डर देते आणि स्क्रू नीट आवळायला सांगते. आजवर एकही गिऱ्हाईक "भूत अजून गेलं नाही" म्हणत परत आलेलं नाही.

तेव्हा मी कशी बाई आहे ते आधीच कळलेलं बरं. या ग्रुपवरचे अनुभव मी आवडीने वाचते, पण निम्म्यांना मनातल्या मनात म्हणते — आधी वायरिंग तपासा. माझ्यावर आलेल्या प्रसंगाला मात्र तसं म्हणता येत नाहीये. म्हणून आज लिहायला बसले. भर दुपारची गोष्ट आहे, घर बायकांनी भरलेलं होतं, आणि जे झालं ते सगळ्यांसमोर झालं.

आमचं घर मेहरूणला, तलावाच्या अलीकडे. माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं. सासरे म्हणजे नाना. मूळचे धुळ्याकडचे, हाडाचे वायरमन. जन्मभर लोकांच्या घरात दिवे आणि पंखे टांगले. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

नानांची एक सवय होती. हूक पंख्याचा असो, झुंबराचा असो नाहीतर पाळण्याचा, बसवून झाला की ते स्टुलावर चढून दोन्ही हातांनी हूक धरायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि चक्क अधांतरी लोंबकळायचे. मग अंगाला झटका द्यायचे. एक... जरा थांबून दुसरा. हूक टिकला, तर त्याच्या मानेला काळ्या टेपचा एक वेढा मारायचे आणि टेपचं टोक दुमडून ठेवायचे. पुढच्या माणसाला कधी टेप काढायची वेळ आली तर नखाला टोक सापडावं म्हणून. पाळण्याचा हूक असेल तर त्या घरच्या बाईला म्हणायचे, "आते निजू द्या पोरले." म्हणजे, आता निजू द्या लेकराला.

लोक हसायचे. चांगला उंचापुरा माणूस छताला लोंबकळतोय म्हटल्यावर हसणारच. मीही नवी नवरी होते तेव्हा पदर तोंडात कोंबून हसले होते. मी जामनेरची, आमच्या बोलीची चाल वेगळी. या घरातलं अहिराणी बोलणं मला आधीच निम्मं कळत नव्हतं, त्यात हा प्रकार!

त्या लोंबकळण्यामागची गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. त्यांना आम्ही अक्का म्हणतो. माझा नवरा सुनील तेव्हा तान्हा होता आणि हे लोक धुळ्याला भाड्याच्या खोलीत राहायचे. नानांनी पाळण्यासाठी छताला हूक बसवला. अक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. आतून धप्पकन आवाज आला. त्या पिठाच्या हातांनीच धावल्या, तर नाना जमिनीवर पडलेले, हूक उपटून त्यांच्या हातात आलेला, आणि मनगट भलतीकडे वळलेलं.

"लागनं नही ना तुम्हले?" अक्कांनी विचारलं.

नानांनी तो उपटलेला हूक दाखवला. म्हणाले, "मी पडनू ते चाली. पोर पडाले नको."

ते मनगट पुढे कायम जरा वाकडंच राहिलं. चहाचा कप धरतानासुद्धा दिसायचं. ही गोष्ट कळल्यावर मी हसायची बंद झाले.

मेहरूणचं घर बांधताना नानांनी हॉलच्या स्लॅबमध्येच जाड सळईचा हूक घालून घेतला होता. माझी मुलगी मयुरी त्याच हुकाच्या पाळण्यात झोपली. ती मोठी झाली, पाळणा माळ्यावर गेला आणि त्या हुकाला दिवा आला.

मयुरीच्या लग्नाआधी आम्ही हॉलला पीओपी करून घेतलं. पीओपी म्हणजे स्लॅबच्या खाली वीतभर जागा सोडून केलेलं पातळ, दिखाऊ छत. नानांचा हूक त्याच्या वर झाकला जाणार होता. म्हणून सुनीलने काम करणाऱ्या माणसाला सांगितलं, "वरच्या हुकाला सळई जोडा आणि खाली काढा. त्याला झुंबर टांगू." एवढं सांगून तो यावलला फिटिंगच्या एका साइटवर निघून गेला. रात्री परत आला तेव्हा झुंबर टांगलेलं होतं, लखलख पेटलेलं होतं, आणि छतातलं भोक झुंबराच्या पितळी वाटीने झाकलेलं होतं. वाटी खाली करून आत कोण बघतो?

माझा नवराही वायरमनच, दुसऱ्यांच्या घरी हूक बसवला की लोंबकळतो. बापाकडून आलेली खोड आहे. घरात मात्र लोंबकळला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मयुरीचं सासर धुळ्याचं. लग्नानंतर तिला दिवस गेले, पण ते मूल राहिलं नाही. सहावा महिना होता. त्यानंतर आमची ही बडबडी पोरगी अशी गप्प झाली की फोनवर "हं" आणि "बरं" याच्यापुढे शब्द नाही. दुसऱ्या वेळी तिने सातव्यापर्यंत कुणाला सांगूसुद्धा दिलं नाही. बाळंतपणाला आमच्याकडे आली. मुलगी झाली... गोरीपान, डोकं भरून जावळ. आणि मयुरी पुन्हा बोलायला लागली. बाळाशीच बोलायची, पण बोलायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकायची आणि माझेच डोळे भरायचे.

बारसं ठरलं. भाड्याने स्टँडवरचे सजवलेले पाळणे मिळतात आजकाल, तोच आणू असं मी म्हणत होते. अक्का ऐकेनात.

"मयुरीना पाळणा आठेच बांधेल व्हता," त्या वर बोट करून म्हणाल्या. "हूक त्येस्ना हातना शे. बठ्ठं घर हाली, पण तो हूक नही." सगळं घर हलेल, हूक हलायचा नाही, असं त्यांचं म्हणणं.

सुनीलने माळ्यावरचा सागवानी पाळणा काढला, झुंबर उतरवलं आणि पाळण्याचा दोर भोकातून खाली आलेल्या हुकाला बांधला. तो वर नानांच्याच हुकाला जोडलेला आहे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. मयुरी बाळाला घेऊन दारात उभी होती.

"पप्पा, लोंबकळलात का?" तिने गमतीने विचारलं.

"नानांच्या हुकाला मी लोंबकळू?" सुनील म्हणाला. "वेडी आहेस का? तो त्यांनी बघितलेला आहे."

बापाच्या कामाची परीक्षा घ्यायची म्हणजे त्याला अपमान वाटला. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. या घरात नानांचा हूक म्हणजे देवाचं नाव.

दुपारी बायका जमल्या. शेजारच्या नसीमआपा सकाळपासून आमच्याकडेच होत्या, पाळण्याला मोगऱ्याचे गजरे त्यांनीच बांधले. आमच्याकडे बारशाला आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला कुंची घालायची, काजळाचा ठिपका लावायचा, बाळासारखं जोजवायचं, आणि तो काढून मग खरं बाळ ठेवायचं. आमचा वरवंटा चांगला जुना काळ्या दगडाचा, बाळापेक्षा जडच असेल. तो पाळण्यात घातला. बायकांनी पाळणा म्हटला, झोके दिले, हसल्या-खिदळल्या. काहीही झालं नाही. हे लक्षात ठेवा.

वरवंटा मी माझ्या हातांनी बाहेर काढला. पाळणा थांबवला. समईची वात विझू नये म्हणून पंखे बंद होते, खिडक्या लोटलेल्या. पाळणा रिकामा आणि एकदम स्थिर. मयुरी बाळाला घेऊन पुढे आली. ती वाकणार...

आणि दोर करकरला.

मी पाळण्याच्या अगदी शेजारी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर तो दोर ताठ झाला. सैल दोराला कुणी जड माणूस धरून लटकला की जसा ताणला जातो, तसा. पाळणा झुलला नाही, डावीउजवीकडे गेला नाही. सरळ खाली दबला, बोटभर. मोगऱ्याचे गजरे थरथरले. गाणं थांबलं. मयुरी वाकता वाकता थबकली.

नसीमआपांनी माझा दंड धरला. हळूच म्हणाल्या, "ताई... पाळणा रिकामा आहे ना?"

मी बघितलं. रिकामा होता. नुसती दुपटी.

मग झटका बसला. पाळणा खाली ओढला गेला आणि वर आला. वरून पांढरी भुकटी मयुरीच्या केसांवर पडली. ती घाबरून मागे सरली, बाळाला छातीशी घट्ट धरून. थोडं शांत झालं. एखादा श्वास घेता यावा इतकं. आणि दुसरा झटका.

धप्पकन पाळणा खाली आला. हूक, त्याच्या मागचा लाकडी तुकडा, पीओपीचा परातीएवढा तुकडा, सगळं पाळण्यात कोसळलं. सागवानाची एक बाजू फुटली. ज्या जागी बाळाचं डोकं असतं, तिथे तो लोखंडी हूक टोक वर करून पडला होता.

कुणीतरी किंचाळलं. सगळ्या बायका मयुरीकडे धावल्या. बाळ मात्र झोपलेलंच होतं, इतक्या गलक्यात जागंसुद्धा झालं नाही. मयुरी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली, मोठ्याने, पहिलं मूल गेलं तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिला आणि बाळाला दोघींना मिठीत घेतलं. 

आवाज ऐकून सुनील बाहेरच्या मांडवातून आत आला. त्याने शिडी लावली आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन त्या भोकात डोकं घातलं. बराच वेळ तो तिथेच. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पीओपीसारखा पांढरा पडला होता.

त्या कामवाल्याने नानांच्या हुकाला हातच लावला नव्हता. पीओपीच्या पातळ पत्र्याच्या सांगाड्याला लाकडाचा एक तुकडा लावून त्यात नवा हूक पिळला होता. हलकं झुंबर पेलायला तो पुरेसा होता. पाळण्यासाठी नव्हता. आणि नानांचा हूक... तो वर स्लॅबमध्ये तसाच होता, अंधारात. त्याच्या मानेला काळी टेप. वाळून कडक झालेली, पण टोक दुमडलेलं.

सुनीलने ते भोक मोठं केलं. हात घालून नानांचा हूक धरला, गुडघे पोटाशी घेतले आणि लोंबकळला. वय झालेला, पोट सुटलेला माझा नवरा, बारशाला जमलेल्या सगळ्या बायकांसमोर. एक झटका. मग दुसरा. आणि ते बघताना मला कळलं, मी हेच आत्ता बघितलं होतं. तेच ताणणं, झटक्यांमध्ये तेवढंच थांबणं. माणूस तेवढा दिसला नव्हता.

या वेळी कुणीही हसलं नाही. सुनील खाली उतरला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आते निजू द्या पोरले."

फुटलेला पाळणा सुंभाने आवळून बांधला, नानांच्या हुकाला टांगला, आणि बाळाचं नाव ठेवलं.

आता शंका. त्या मी स्वतःच आधी काढल्या, तुम्ही काढायची गरज नाही. माझा भाचा इंजिनियर आहे. तो म्हणतो, वरवंट्याच्या वजनाने आणि झोक्यांनी स्क्रू ढिले झाले असतील, मग हूक हळूहळू निसटला. मान्य. मी काउंटरवर बसून हेच लोकांना सांगते. पण निसटणारा हूक दोर सैल सोडतो, ताणत नाही. रिकामा पाळणा आधी दबला कसा? जड दगड पेलला आणि नुसत्या दुपट्यांनी तुटला? भाचा म्हणाला, "मामी, तुम्हाला तसं वाटलं असेल." मग नसीमआपांनाही तसंच वाटलं, मयुरीलाही तसंच वाटलं, आणि कडेला बसलेल्या धुळ्याच्या विहीणबाईंनाही. असो.  

एक मात्र मी अजून घरात कुणालाही बोललेले नाही.

पाळणा पडला, सगळ्या बायका मयुरीकडे धावल्या, तेव्हा अक्का धावल्या नाहीत. त्या उलट्या दिशेने गेल्या, त्या ढिगाऱ्याकडे. भुकटी अजून हवेत होती. त्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या, पाळण्याच्या जरा बाजूला, जिथे नुसती मोकळी फरशी होती तिथे बघत. मयुरीला कुशीत घेऊन मी भिंतीपाशी, त्यांच्यापासून दोन-तीन हातांवरच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"लागनं नही ना तुम्हले?" अक्कांनी विचारलं.

मग थोडं थांबल्या, कान देऊन. "बरं," म्हणाल्या, पदराने डोळे टिपले, आणि पणतीला बघायला आल्या.