मयत कमिटीचा विटाळ

लग्नात माणसं सावध वागतात, कारण व्हिडिओ चालू असतो. मयताच्या घरी शूटिंग नसतं. पुण्याहून थोरला मुलगा निघालाय म्हणतात, तो येईपर्यंत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहायचं आणि जे घडेल ते बघायचं. अशी बरीच वर्षं बसलो की पोतंभर किस्से गोळा होतात, आणि सांगायचे कुठे हा प्रश्न पडतो. लग्नात सांगता येत नाहीत!

आमची जालन्यातली ख्रिस्ती मंडळी लहान आहे. त्यात आम्ही चौघं 'मयत कमिटी'. नाव कोणी ठेवलं माहीत नाही, पण पडलं. मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात असतो. माझ्याकडे शवपेटी, टेम्पो आणि मंडप. योहानकाका एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, जन्मभर जाफराबादची गाडी चालवली. त्यांच्याकडे कबर खोदून घेणं. मार्थामावशी रिटायर नर्स. बाई गेली की तिला आंघोळ घालून कपडे करणं त्यांच्याकडे. आणि चौथे पाळकसाहेब. ते वयाने आमच्यात सगळ्यात लहान, म्हणून प्रार्थना त्यांच्याकडे!

आता आमच्या शिकवणुकीत मयताचा विटाळ नाही. पण आमची माणसं ह्याच मातीतली. डोक्यात शिकवणूक आणि अंगात सवय, असं आमचं चालतं. सगळे किस्से त्यातलेच.

*

पाळकसाहेब नवीन आले तेव्हाची गोष्ट. कब्रस्तानच्या गेटजवळ एक नळ आहे. माती देऊन झाली की सगळे तिथे हातपाय धुतात, चूळ भरतात, मगच गाडीला किक मारतात. साहेबांनी ते पाहिलं आणि पुढच्या रविवारी त्यावरच उपदेश दिला.

उपदेश चांगला होता. जुन्या नियमशास्त्रात मयताला शिवलेला माणूस सात दिवस अशुद्ध. त्याच्यावर राखेचं पाणी शिंपडायचं, तेव्हा कुठे तो लोकांत परत. पण ती झाली पुढे येणाऱ्या गोष्टीची नुसती सावली. पुढे ख्रिस्ताने आपलं रक्त देऊन माणसाला एकदाच आणि कायमचं शुद्ध केलं, आणि नुसतं अंग नाही, मनसुद्धा. "मग आता नळावर काय धुता?" साहेबांनी विचारलं.

पुढची माती ऐन पावसात झाली. परतताना सगळे नळासमोरून मान वळवून, खऱ्या विश्वासणाऱ्यांसारखे निघून गेले. मागून साहेब आले. काळ्या रानात त्यांचा पाय घसरला होता, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती. ते नळापाशी थांबले. सगळी मंडळी गेटबाहेर उभी राहून बघत होती!

साहेब नळाकडे बघतात, लोकांकडे बघतात. हात काही पुढे होईना.

शेवटी योहानकाका म्हणाले, "धुवा साहेब, बिनधास्त धुवा. चिखलाबद्दल शास्त्रात काही न्हाई!"

*

योहानकाका स्वतः मात्र मातीहून आले की आंघोळ करतातच. विचारलं की म्हणायचे, "गर्मी लई झाली." जून महिना असेपर्यंत ते चाललं. डिसेंबरात एकदा मी त्यांना सोडायला घरापर्यंत गेलो. काकू दारात बादली, साबण आणि लुंगी घेऊन उभ्या. काका अंगणात, थंडीने कुडकुडत.

मी म्हणालो, "काका, रविवारी तुम्हीच 'आमेन' सगळ्यात मोठ्यानं म्हणलात की!"

"मंग? म्हणलोच की," काका डोक्यावर तांब्या ओतत म्हणाले. "प्रभूनं मला शुद्ध केलं, बराबर हाय. त्यानं आत घेतलं. पण ह्या दाराची कडी प्रभूकडं न्हाई, हिच्याकडं हाय!"

*

मार्थामावशींचं सगळंच वेगळं. त्या आंघोळ घालताना मयत बाईशी बोलतात. "हात वर घ्या बाई", "झालं हं आता", "केस लई छान तुमचे". बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, आत कोणी उठून बसलं की काय! एकदा तर एका जावयाने खरंच टेम्पो परत पाठवायला मला फोन लावला होता.

मावशी हातात ग्लोव्हज घालतात आणि नंतर कोपरापर्यंत साबण लावून धुतात. एकदा कॉलेजातल्या एका मुलीने त्यांना पकडलं. "मावशी, विटाळ न्हाई म्हणता, मग ग्लोव्हज कशाला?"

"ते जंतूंसाठी."

"फरक काय मग?"

"जंतू साबणानं जातात," मावशी म्हणाल्या. "विटाळबी साबणानं गेला असता, तर प्रभूला एवढा खर्चा कशाला पडला असता?"

पाळकसाहेबांनी हे वाक्य नंतर दोन उपदेशांत वापरलं. मावशींचं नाव घेतलं नाही!

*

मग मावशींच्या मुलाचं लग्न झालं. लव्ह मॅरेज. वैशाली पिंपळगाव रेणुकाईची, हिंदू शेतकऱ्याची मुलगी, शिकलेली, शांत. दोन्हीकडे थोडी धुसफूस झाली आणि मिटली. सगळं ठीक चाललं होतं. वैशालीला सातवा लागला आणि तिची आई कौसाबाई तिला बाळंतपणाला न्यायला जालन्यात आली.

कौसाबाई स्पष्ट बाई. चहा पिऊन झाल्यावर कप खाली ठेवला आणि म्हणाली, "इहीणबाई, राग नका मानू. लेकरू कवळं असतंय. तुम्ही मुडदे धुऊन येणार आन् त्याच हातानं त्याला घेणार? मला न्हाई चालायचं. ते काम सोडा, मंग नातवंड घ्या."

मावशींचा एकच मुलगा, त्याचं पहिलं लेकरू. मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी सांगितलं. एका विधवेचा एकुलता मुलगा मेला होता, लोक त्याला घेऊन चालले होते, येशूने पुढे होऊन तिरडीला हात लावला. त्याला विटाळ झाला नाही. उलट मेलेला उठला.

कौसाबाईने सगळं नीट ऐकून घेतलं. "लावला असंल हात," ती म्हणाली. "त्येंला कुठं नातू व्हता!"

*

दुसऱ्या दिवशी मावशींनी पाळकसाहेबांना बोलावलं. मीही गेलो, म्हटलं आधाराला. साहेबांनी मुळापासून सुरुवात केली, आणि तीच चूक झाली. त्यांनी राखेच्या पाण्याची ती राख कुठून यायची ते सांगायला घेतलं. लाल कालवड, अंगावर खोड नको, मानेवर कधी जू ठेवलेलं नको, ती गावाबाहेर नेऊन जाळायची.

कौसाबाई सरसावून बसली. "लाल म्हंजे आपली लाल कंधारी का?"

"जात दिलेली नाही," साहेब म्हणाले.

"कंधारीच असंल. लाल म्हणल्यावर दुसरी कोणती? आन् बघा इहीणबाई, तुमच्यातबी सुतक हाय की!"

साहेबांना घाम फुटला. ते म्हणाले, होतं, आता नाही, मी तिकडेच येतोय. वाचत वाचत पुढे गेले. ती राख गोळा करणारा माणूस स्वतः संध्याकाळपर्यंत अशुद्ध. पाणी शिंपडणारासुद्धा अशुद्ध.

वैशाली शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे जो दुसऱ्याला शुद्ध करतो, त्याच्याच अंगाला लागतं?"

साहेबांनी बायबलवरून मान वर केली. "हो," म्हणाले. "येशूचंही तसंच झालं. आपलं सगळं त्यानं आपल्या अंगावर घेतलं."

कौसाबाईने हात पसरले. "मंग मी कालपासून दुसरं काय सांगून राह्यले? धुणाऱ्याच्याच अंगाला लागतंय!"

साहेब घरी जाताना मला म्हणाले, "सेमिनरीच्या परीक्षेत हा प्रश्न आलाच नव्हता."

*

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मावशींनी आम्हाला बाजूला घेतलं. "मी आता येणार न्हाई," म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या आयांना घातल्या आंघोळी. आता नातवंडाला घालू द्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचा राग आला नाही, कौसाबाईचाही आला नाही. वाईट मात्र वाटलं.

मावशींच्या जागी कोण, म्हणून महिला मंडळाची मीटिंग बोलावली. साहेबांनी विचारलं, मयताचा विटाळ मानणारं कोणी आहे का? एकही हात वर झाला नाही. मग हे काम कोण घेणार? तेव्हाही एकही हात वर झाला नाही! एकीची कंबर, एकीचं बीपी, एकीच्या घरी पाहुणे, आणि एकीचा उपास.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षबाई उठून म्हणाल्या, "आपण सगळ्या मिळून प्रार्थना करू, की आपल्या मंडळीत कोणी जाऊच नये."

"करा ताई," मागून योहानकाका म्हणाले. "पण एसटी कॅन्सल होऊ शकते, ही गाडी न्हाई होत."

*

वैशालीला मुलगी झाली. बारसं पिंपळगावला ठरलं, आम्हा सगळ्यांना आमंत्रण. आणि बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी रूथबाई गेल्या.

रूथबाई चर्चमागच्या खोलीत एकट्या राहायच्या. पूर्वी होस्टेलात स्वयंपाक करायच्या. सासर नाही, माहेर नाही, मागे कोणी नाही. पाळकीणबाई गावाला गेलेल्या. मी ओळीने सगळ्या बायकांना फोन लावले. ज्यांनी उचलले त्यांनी आधी खोकून दाखवलं. मावशींना मी फोन केला नव्हता, हे शपथेवर सांगतो. त्या आपल्या आपण आल्या, पदर खोचला आणि दार लावून घेतलं. नेहमीसारखा आतून आवाज येऊ लागला. "हात वर घ्या बाई."

थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाल्या, "हिच्या ट्रंकेत धड एक साडी न्हाई." आणि तडक घरी जाऊन एक कोरी हिरवी साडी घेऊन आल्या. ती कौसाबाईने त्यांना बारशात नेसायला म्हणून पाठवली होती. आम्हाला ते नंतर कळलं. रूथबाईंना त्या साडीत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने पिंपळगावला निघालो. गाडी योहानकाकांकडे. भोकरदन मागे पडल्यावर काका म्हणाले, "कालचं कुणी तोंडातून काढायचं न्हाई. तिनं काही इचारलं तर सोयाबीनचं बोलायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?" पाळकसाहेब म्हणाले.

"सोयाबीन खोटं हाय का साहेब?"

मावशी जुनी जांभळी साडी नेसून खिडकीतून बाहेर बघत बसल्या होत्या.

घरासमोर मंडप, बायकांची गर्दी. ओसरीवर कौसाबाई नातीला मांडीवर घेऊन बसलेली. आम्ही सगळे वर गेलो. मावशी पायरीखालीच उभ्या राहिल्या, मान उंच करून बाळाचं तोंड दिसतंय का बघत.

"इहीणबाई, वर या की! आन् मी धाडलेली साडी का न्हाई नेसली? रंग न्हाई आवडला?"

पाळकसाहेब घाईने म्हणाले, "यंदा सोयाबीन कसं आहे तुमच्याकडे?"

कोणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशी खालूनच म्हणाल्या, "साडी लई छान व्हती. काल आमच्यातली एक बाई गेली, तिला नेसवली. आंघोळ मीच घातली. दुसरं कुणी न्हाई आलं. मी इथूनच बघते लेकराला, आन् जाते."

वैशाली दारात येऊन उभी राहिली. कौसाबाईने मावशींकडे बघितलं.

"तिच्या माहेरचं कुणी न्हाई आल्तं?"

"माहेर नव्हतंच तिला."

"मंग अंगावर शेवटची साडी माझी गेली?"

"हो."

कौसाबाईने बाळाच्या कपाळावरून हात फिरवला. मग बायकांकडे वळून म्हणाली, "बाईला शेवटची साडी माहेरची लागत असती. बराबर हाय का न्हाई?"

"बराबर," दोघीतिघी म्हणाल्या.

"म्हंजे तिचं माहेर मीच झाले. म्हंजे सुतक मलाबी आलं. आन् मी तर सकाळधरनं लेकराला मांडीवर घेऊन बसले!"

ती उठली, पायऱ्या उतरून खाली आली आणि बाळ मावशींच्या हातात दिलं.

"घ्या. आंघोळ मंग दोघी मिळून करू."