बाटलीच्या बुडाशी

वर्षभर मी पिकलेल्या पेशी बाटलीसकट धुऊन टाकल्या आणि कच्च्या मोजत बसलो.

हे दाखवून दिलं शेजारच्या टेबलावरच्या माणसाने. आम्ही दोघे जळगावच्या एका कॉलेजात नवे प्राध्यापक. तो रावेरकडचा, केळीवाल्या घरातला. रोज सकाळी बाटली खिडकीशी धरून म्हणायचा, "थांब ना बावा, पिकू दे."

पिकायच्या होत्या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी, मुंबईहून आणलेल्या. या भराभर वाढतात, पण वयात येत नाहीत. स्टिरॉइडच्या जातीचं एक औषध आणि जोडीला एक एन्झाइम अडवणारं औषध दिलं, तर काही पेशी पिकतात, हे आम्हाला दाखवायचं होतं. ज्याचे आकडे चांगले, त्याला आमच्या विभागप्रमुख बाई पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवणार होत्या. जागा एकच.

त्याच्या पिकायच्या, माझ्या नाहीत. मे महिन्यात इन्क्युबेटरपेक्षा खोलीच गरम. मी घामाघूम होऊन मोजायचो आणि हा दाराबाहेर केळं सोलत शीळ घालायचा. मला त्या शिळेचाही राग यायचा. त्याची औषधं ताजी, त्याच्या बाटल्या चांगल्या, बाईंचा तो लाडका, अशी कारणं मी बायकोला रोज ऐकवायचो.

शेवटी म्हटलं, "भाऊ, आपण बाटल्या बदलू."

"बदल ना बावा." इतक्या सहज म्हणाला की मी आणखी जळलो.

बदलल्या. त्याच्या बाटलीतही मला कच्च्याच सापडल्या. वरचं पाणी काढून मोजून झालं होतं, रिकामी बाटली मी साबणाच्या टबात सोडणार, तोच त्याने ती घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली आडवी ठेवली.

"हे बघ. कच्च्या तरंगतात. पिकल्या की बुडाला चिकटून बसतात. तू तरंगणाऱ्याच मोजतो."

मी वळलो, तर दारात बाई उभ्या.

पुण्याला अर्थात तोच गेला, आणि तिकडेच राहिला. त्याचा पांढरा कोट बरेच दिवस खुंटीवर होता, खिशात केळीचा वाळका देठ. खोलीत शीळ नव्हती, आणि जळायलाही कोणी नव्हतं. कोणी ऐकत नाहीसं पाहून मीच बाटली खिडकीशी धरून "थांब ना बावा" म्हणू लागलो.

पुढच्या वर्षी माझ्याही पिकल्या. आकडे घेऊन बाईंकडे गेलो. "बाई, आता तरी मला पाठवा."

बाईंनी कागद पाहिला, परत दिला.

"पद्धत त्याची, आणि तो तिथे आहेच. तुम्ही कशाला? तुम्ही बाटल्या धुवा. आधी आत बघून."