आमच्या जेठांचं पळणारं मीटर

आमच्या जेठांनी उभ्या जगात एकाच माणसावर विश्वास ठेवला, आणि तो माणूस म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. बाकी आम्ही सगळे, म्हणजे भाऊबंद, दूधवाला, पोस्टमन आणि रेडिओवर सांगतात ती वेळसुद्धा, त्यांच्या लेखी संशयितच. लोक त्यांना नाना म्हणायचे, मीही नानाच म्हणते. पारोळ्याला लग्नाला निघाले, की आधी एस.टी.ची पाटी वाचायचे, मग कंडक्टरला विचारायचे, मग पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानाशी लागायचे, "हा कंडक्टर पारोळा म्हणतोय, ते खरं का?" बरं, गाडी पारोळ्याला पोचली म्हणून समाधान नाही. उतरल्यावर पहिल्या पानवाल्याला विचारायचे, "हे पारोळाच ना?" तो बिचारा हो म्हणायचा आणि नाना मान हलवायचे, बघू, पुढे काय निघतं ते, अशी.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या घरात जेठ आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नसत. मी डोक्यावर पदर घेऊन तिथेच दोन हात अंतरावर उभी असायचे आणि नाना माझ्या जावेला, म्हणजे अक्कांना, म्हणायचे, "तिला सांग, चहात साखर कमी पडली." अक्का मला म्हणायच्या, "साखर कमी पडली गं." मी म्हणायचे, "दोन चमचे घातली होती." अक्का सांगायच्या, "दोन घातली होती म्हणते." असं आमचं संभाषण तीस वर्षं चाललं. अक्का गेल्या आणि मधला माणूसच उरला नाही. मग मी जळगावहून त्यांच्याकडे धुळ्याला गेले, की नाना भिंतीला सांगायचे. "भिंती, तिला सांग, भाजीत मीठ जास्त आहे." मी भिंतीकडे बघून उत्तर द्यायचे. हसू नका, सवयीचं होऊन जातं.

धुळ्याला देवपुरात त्यांनी घर बांधलं, तेव्हा वायरिंग सुपडू मिस्तरीने केलं, पण डोकं सगळं नानांचं. सुपडू शिडीवर आणि नाना खाली बॅटरी घेऊन, तो वायर चोरील म्हणून. बटणं त्यांनी मुद्दाम उलटसुलट लावून घेतली, चोर आला तर गोंधळला पाहिजे म्हणून. मोरीबाहेरचं बटण दाबलं की ओसरीतला पंखा फिरायचा, आणि मोरीचा दिवा लावायचा तर बटण स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे. चोर काही आला नाही, पण जावई आले. जळगावचे नवे जावई संध्याकाळी अंघोळीला गेले, आत काळोख, ते बाहेर येऊन बटण दाबतात आणि ओसरीवर नानांच्या डोक्यावर पंखा सुरू. तीनदा असं झाल्यावर नाना म्हणाले, "हा माणूस मला सर्दी करायला बघतोय." अक्कांनी गुपचूप पिठाचा डबा सरकवला, तेव्हा जावयांना साबण सापडला.

घराबाहेर पडताना कुलूप तर लावायचेच, वर मेनस्विचमधला चिनी मातीचा फ्यूज काढून कोटाच्या खिशात टाकायचे. मागे कुणी वीज वापरायला नको. एका लग्नात कुणीतरी सुपारी मागितली तर त्यांनी खिशात हात घालून फ्यूज पुढे केला.

इतकं करूनही मीटर पळतं, अशी त्यांची तक्रार. वीज कचेरीला दर दोन महिन्यांनी अर्ज. साहेब दोनदा येऊन मीटर तपासून गेले, बरोबर आहे म्हणाले. नाना म्हणाले, साहेबही त्यातलाच. अर्ज अक्का पोस्टात टाकायला न्यायच्या.

शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या ताई राहायच्या, नवरा नसलेल्या, दोन मुली पदरात. आपल्या शेवग्याच्या शेंगा त्या तोडतात असा नानांना संशय आला, म्हणून त्यांनी मधली भिंत तीन फूट वाढवून घेतली. त्या दिवसापासून पलीकडचं काही दिसेना. शेंगाही दिसेनात, कारण शेवगा भिंतीवरून पलीकडे वाकला.

अक्का गेल्या आणि दोन वर्षांनी नाना जिन्यात पडले. आपणच लावलेलं जिन्याचं बटण कुठलं, ते त्यांना आठवेना. पाय मोडता मोडता वाचला. लेकीने निरोप धाडला, घर विका आणि जळगावला माझ्याकडे या, पुन्हा पडलात तर बघायला कोण आहे? साधारण नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी जळगावहून डबे-भांडी आवरायला गेले होते.

गिऱ्हाईक आलं दोंडाईच्याचं. मिरचीचे व्यापारी, शेठच म्हणायचे सगळे. मुलगा देवपुरात कॉलेजला, म्हणून घर हवं होतं. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल बघणारा माणूस तो. त्याने घरभर बटणं दाबून पाहिली आणि प्रत्येक बटणाला तो थोडा मागे सरकला.

"नानासाहेब, घर चोख. पण हे वायरिंग काही मला बरोबर वाटत नाही. फ्यूज काढा बरं."

नानांनी ऐटीत फ्यूज काढला. "घ्या. आता घर मेलं."

शेठने मीटरला नाक लावलं. "मग हे काय फिरतंय?"

मीटरची चकती सावकाश फिरत होती. तिच्यावरची लाल खूण पुढे आली, गेली, पुन्हा आली.

नानांना इतकं आनंदलेलं मी लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "भिंती, ऐकलंस? पंधरा वर्षं हेच सांगतोय मी. आपोआप पळतं."

शेठचा चेहरा मात्र उतरला. "आपोआप काही पळत नाही. भिंतीत करंट मुरतोय. पावसाळ्यात माझा पोरगा चिकटायचा. परवा येतो. कारण सापडलं तर ठीक, नाही तर मी दुसरं घर बघतो." आधीची दोन गिऱ्हाइकं बटणं बघूनच परतली होती. हाही गेला असता, तर नाना त्या जिन्याखाली एकटेच राहिले असते.

सुपडू मिस्तरीला बोलावणं गेलं. आता त्याचे केस पांढरे झालेले, पण नाना बॅटरी घेऊन खाली उभे ते उभेच. त्याने दोन दिवस घरातला एकेक बोर्ड उघडला, फुंकला, बंद केला. "नाना, आठे बठ्ठं बराबर शे," म्हणायचा, म्हणजे इथे सगळं बरोबर आहे. नानांनी भिंतीला सांगितलं, "हा आणि तो शेठ मिळालेले आहेत. भाव पाडायचाय."

पाणी प्यायला सुपडू स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "बाई, अक्कांनी माले शपथ घाली व्हती. आते मी काय करू?"

मीटर का पळतं ते त्याला माहीत होतं, आणि मलाही. त्या ताईंच्या घरचं मीटर दिराच्या नावावर होतं. वाटणीच्या भांडणात दिराने ते काढून नेलं. मुलींचा अभ्यास आणि आईचं शिवण कंदिलावर आलं. नाना पारोळ्याला लग्नाला गेलेले असताना अक्कांनी सुपडूला बोलावलं आणि मीटरपासून एक वायर देवाच्या फळीमागून, भिंतीतून पलीकडे देऊन टाकली. एका दिव्यापुरती, पण भिंत वाढल्यापासून तो दिवसाही लागायचा. तीही मेनस्विचच्या अलीकडून, कारण नाना फ्यूज खिशात घालून जाणार हे अक्कांना ठाऊक. वायर जोडणं चुकीचंच होतं, धोक्याचंही, तेव्हा एवढं कुणाला कळत होतं. अक्का मला एवढंच म्हणाल्या होत्या, "त्यांना कळू द्यायचं नाही. जगात माझ्या एकटीवरच त्यांचा भरवसा आहे गं." आता बोलावं तर तो भरवसा जातो, गप्प बसावं तर घराचा सौदा जातो.

ठरल्या दिवशी शेठ आला. फ्यूज काढला, चकती फिरतेच आहे. शेठ चपला घालायला लागला. सुपडूने माझ्याकडे पाहिलं. आणि नाना, ज्यांच्या नजरेतून असलं पाहणं सुटणं शक्यच नव्हतं, ते भिंतीकडे न वळता सरळ माझ्याकडे वळले.

"धाकटे, तुला माहीत आहे?"

तीस-बत्तीस वर्षांत माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. त्याला खोटं उत्तर देववेना.

"हो, नाना," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

ते पाटावर बसले. मग म्हणाले, "म्हणजे मीटर बरोबर होतं."

सुपडूने मान डोलावली.

"आणि माझे अर्ज? ते टाकायची का ती पोस्टात?"

"सगळे टाकायच्या."

नाना नाकातल्या नाकात हसले. फार वेळ हसले, आणि मग पंच्याने चष्मा पुसत बसले.

सुपडूने पक्कड उचलली, तसे ते म्हणाले, "थांब. आधी तिला मीटर मिळू दे." शेठला त्यांनी खरेदी महिनाभर पुढे ढकलायला सांगितली. भिंत चांगली निघाली म्हणून शेठ खूश होता, तो हो म्हणाला. नानांनी अर्ज लिहिला, वीज कचेरीला तक्रार नसलेला पहिला अर्ज, आणि ताईंच्या सहीसाठी, वाढवलेल्या भिंतीला वळसा घालून, पलीकडे गेले. ताईंनी कागद दोनदा वाचला, उलटून पाहिला, आणि विचारलं, "हे नक्की माझ्याच नावावर आहे ना?" नाना परत आले ते खूश होऊन. "बाई हुशार आहे," मला म्हणाले. मलाच, भिंतीला नाही. ताईंचं मीटर लागलं, त्या दिवशी सुपडूने फ्यूज उतरवून ती वायर काढली. चकती थांबली, तेव्हा नाना समोर उभे होते.

जळगावला लेकीच्या घरी सगळी बटणं सरळ. नानांना तिथे करमायला वेळ लागला. मी गेले की चहात साखर कमी आहे हे आता थेट मलाच सांगत. आणि निघताना दर वेळी गेटपर्यंत येऊन हळूच विचारत, "धाकटे, आणखी काही आहे का, तिने मला न सांगितलेलं?"

मी नाही म्हणायचे. त्यांचा विश्वास बसायचा नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहायचे, आणि मग माझ्या ध्यानात आलं, की हा संशय नव्हेच. त्यांना ते हवं होतं. रिक्षात बसून घरी येईपर्यंत मी अक्कांची एकेक गोष्ट आठवत यायचे. एखादी तरी सापडती, तर मागे फिरून सांगून आले असते.