दौंडच्या फळीवरचा नंबर

शुक्रवारी जेवताना पप्पांनी विचारलं, "रविवारी त्यांना काय कळवू?" आणि मी उगाच वरणात भात कालवत बसले. बत्तीस वर्षांची बाई मी. पुण्यातल्या लॅबमध्ये रोज लोकांचं रक्त तपासते, रिपोर्टवर बेधडक सही ठोकते. पण दौंडच्या अमोलला हो म्हणायचं की नाही, एवढा एकच रिपोर्ट माझ्याच्यानं लिहवत नव्हता.

त्याला कारण आहे. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरवण्याआधी प्रार्थना करून देवाची इच्छा विचारतात. तीन वर्षांपूर्वी एक स्थळ आलं तेव्हा मीही विचारली, म्हणजे वचनपेटीतून कार्ड काढलं. बऱ्याच घरांत ही छोटी पेटी असते, आत शास्त्रातली वचनं छापलेली कार्डं. पहिलं कार्ड पटलं नाही म्हणून दुसरं काढलं, मग तिसरं. तिसऱ्यात मला हवं ते आलं! साखरपुडा झाला आणि चार महिन्यांनी मुलाकडच्यांनी मोडला. मला देवाचा राग आला नाही, स्वतःच्या कानांचा आला. तो बोलतोय की मीच माझ्याशी बोलतेय, हे कळेनासं झालं.

अमोलला दोनदा भेटले होते. दौंडला रेल्वेत मालगाड्यांचे ब्रेक तपासतो, कमी बोलतो, चहा बशीत ओतून पितो. मला तो आवडला होता, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. शेवटी शनिवारी बॅग भरली. आधी शिरूरला शांतामावशीकडे मुक्काम, मग रविवारी दौंडच्या चर्चमध्ये उपासना, असा बेत केला.

शिरूरला जायला एसटीच बरी. बायकांना अर्धं तिकीट आणि गाडी आपण चालवत नसल्यामुळे नगर रोडची ट्रॅफिक निम्मीच छळते. वाघोलीत तासभर गेला. सणसवाडीत कंपनीची पाळी सुटलेली, गाडी भरली. शेजारी बसलेला बिहारी मुलगा फोनवर आईला सांगत होता, "अम्मा, तुमने देख ली ना? बस, फिर ठीक है." फोटोतल्या मुलीशी त्याचं लग्न दहा सेकंदांत ठरलं. मला त्याचा हेवा वाटला.

शांतामावशी आईची थोरली बहीण, निवृत्त नर्स. घोडनदीपासून चालत दहा मिनिटांवर तिच्या दोन खोल्या आहेत. शिरूरला कुणी ओळखीचं असेल तर हॉटेलच्या फंदात पडू नका. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि मावशीचं बोलणं, सगळं गरमागरम मिळालं. हे स्थळही तिनंच आणलेलं.

जेवण झाल्यावर मावशी दुखऱ्या गुडघ्यांवर टेकली आणि प्रार्थना करू लागली. मी आपली डोळे किलकिले करून बघत होते. तिनं एकेक नाव घेतलं. दवाखान्यात तिच्या हातावर जन्मलेली पोरं, आता बाप्ये झालेली, गल्लीतले शेजारी, मार्केट यार्डातला हमाल, सहा वर्षांपूर्वी गेलेली माझी आई. वीस मिनिटं एकही नाव अडखळलं नाही. ही बाई रोज एवढ्या माणसांना घेऊन देवापुढे जाते, आणि मी स्वतःचं एक नाव घेऊन जायला घाबरते.

मग मी तिला माझा बेत सांगितला. दौंडच्या चर्चमध्ये त्या दिवशी गायच्या गीतांचे गीतपुस्तकातले नंबर लाकडी फळीवर लावतात. आई भाकऱ्या थापताना नेहमी दोनशे बारा नंबरचं गीत म्हणायची. मी देवाला म्हटलं होतं, फळीवर दोनशे बारा दिसला तर अमोलला हो.

"आन् न्हाई दिसला तर?" मावशीनं विचारलं.

"तर नाही."

"पोरी, देवाला असं कोंडीत पकडत्यात व्हय?" एवढंच मावशी म्हणाली. मग गच्चीवरचे कपडे काढून आणते म्हणून उठली. जाताना फोन घेऊन गेली, तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

रविवारी पहाटेच निघाले. दौंडला थेट गाडी क्वचित मिळते, म्हणून न्हावऱ्यामार्गे चौफुल्यापर्यंत एक एसटी आणि तिथून दुसरी. रस्ता बराच चांगला आहे, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. पारगावच्या पुलावर भीमा आली तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि सूर्य नुकता वर येत होता. अख्खी एसटी खिडक्यांकडे वळली. कंडक्टरनंही सुट्ट्या पैशांची कटकट थांबवून बाहेर बघितलं. मी मनात म्हटलं, प्रभू, आज मला फसू देऊ नकोस.

चौफुल्याला वडापाव खाल्ला (चटणी जपून!) आणि नऊला दौंडच्या चर्चमध्ये पोचले. रेल्वे कॉलनीला लागून, कडुनिंबाच्या सावलीत, जुन्या दगडी बांधणीचं. दारातूनच फळीकडे नजर गेली. सतरा, चौऱ्याण्णव, एकशे एकतीस.

मी पुन्हा वाचलं. दोनशे बारा नव्हता.

मागच्या बाकावर बसले. अमोल पुढे बाजाच्या पेटीजवळ उभा होता, त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. प्रार्थना चालू असताना बाजूच्या रुळांवरून मालगाडी आली. गाडी आली की पाळकसाहेब थांबतात, सगळे डोळे मिटून बसून राहतात आणि शेवटचा डबा गेल्यावर 'आमेन' होतं, ही इथली पद्धत. त्या धडधडाटात दीडशे माणसं निश्चल बसलेली पाहून माझा ऊर भरून आला. नाही तर नाही, पण उत्तर दिलंस ना, असं म्हणून मी रडून घेतलं.

अर्पणाच्या वेळी एकशे एकतीस सुरू झालं तशी शेजारची आजी कुरकुरली, "मागल्या रविवारचंच परत? अर्पणाचं गीत तर अमोल निवडतो. झोपला व्हता का काय आज!"

उपासना सुटल्यावर तो स्वतःच आला. हातात नंबरांच्या पाट्यांचा डबा.

"काल मावशींचा फोन आलता," तो म्हणाला. "दोनशे बारा लाव म्हणाल्या. का लाव, ते पण सांगितलं."

मला मावशीचा असा राग आला! "मग?"

"लावला होता, सकाळी साडेसातला. पाच मिनिटं बघत उभा राहिलो आन् काढला. तुम्ही देवाला विचारलंय, त्याचं उत्तर मी कसं देऊ? मग दुसरा कुठला लावावा तेबी सुचंना. म्हणून मागच्या रविवारचाच परत लावला."

"पण नंबर नसला तर मी नाही म्हणणार, हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"माहीत होतं." डब्याचं झाकण तो उगाच घट्ट करत होता. "मला हो पाहिजे होतं. पण तुम्हाला फसवून नको."

पप्पांना फोन करते, एवढंच कसंबसं म्हणाले आणि स्टेशनकडे निघाले.

दुपारच्या डेमू लोकलला खिडकी मिळाली. पुण्यापर्यंत मी नुसती बाहेर बघत होते. ह्याला देवाचं उत्तर म्हणायला मी धजत नाही, एकदा तसं म्हणून तोंड पोळलंय. पण मला हवं ते येईपर्यंत मी तीन कार्डं काढली होती, आणि त्या माणसानं हातात आलेला नंबर परत डब्यात ठेवला होता. माझ्या देवाचा इतका धाक बाळगणारं माणूस मी जवळून पहिल्यांदाच बघत होते. भीमेवरचं धुकं, मावशीची ती नावं, मालगाडी जाईपर्यंत बसून राहिलेली माणसं, सगळं त्याच्याभोवती गोळा होत होतं.

घरी पप्पा दारातच उभे होते. मावशीनं त्यांनाही फोन केलेला दिसत होता, चेहरा अगदी उजळलेला.

"दिसला ना दोनशे बारा?"

"नाही दिसला."

पप्पा मटकन खुर्चीत बसले. मी त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हटलं, "पप्पा, त्यांना होकार कळवा."