भाकरीच्या वेळची समाधी

आमच्या घरात कुठलीही वस्तू हरवत नाही. ती फक्त मला विचारल्याशिवाय सापडत नाही. टॉवेल, दुकानाची किल्ली, सासऱ्यांची कवळी, मुलीचा कंपास, सगळं आपापल्या जागी असतं आणि तरी दिवसभर घरात एकच पुकारा चालू असतो, "आगं, कुठं ठेवलंस?" मी न्हाणीघरात असले तरी आतून ओरडून सांगते. झोपेत विचारलं तरी बरोबर सांगते, असं मुलगी म्हणते. यात कौतुक कशाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही.

केजला आमचं कापडाचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर योग करा म्हणून सांगितलं. आठवडाभरात हे कुठल्याशा गिऱ्हाइकाकडून एक रंगीत पत्रक घेऊन आले. बालाघाटाच्या डोंगरातल्या घनदाट अरण्यात तीन दिवसांचं निवासी योग-ध्यान शिबिर, संपूर्ण मौन, आणि जोडीनं आल्यास सवलत. ह्यांनी फक्त 'सवलत' वाचलं. जन्म दुकानात गेला, दुसरं काय दिसणार? मी मात्र सगळ्यात खालची बारीक अक्षरातली ओळ वाचली. 'सात्त्विक भोजन आश्रमात तयार मिळेल.' ती मी पुन्हा वाचली, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी वाचतच राहिले. माझं सगळं अध्यात्म त्या एका ओळीत होतं. तीन दिवस कुणीतरी केलेलं आयतं जेवायचं, बाकी आत्मा वगैरे भेटला तर भेटला.

सासूबाईंना ते काही पटलं नाही. "डोळे मिटायला रानात कशाला जायाचं? हितं मिटायला कुणी धरलंय का?" त्या म्हणाल्या.

इथं मिटले की तुम्हीच हाक मारता, हे मी मनात म्हटलं.

आरामाला जायचं म्हणून आधी दोन दिवस मी कंबर मोडेपर्यंत राबले. घरच्यांसाठी दशम्या केल्या, चटण्या कुटल्या, सासऱ्यांच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधल्या. ह्यांच्यासाठी शेंगदाण्या-गुळाचे लाडू वळले. गोळी घेतल्यावर जेवायला उशीर झाला तर ह्यांना दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, अशा वेळी एखादा लाडू खाल्ला की जिवात जीव येतो. चांगला मोठा डबा भरून पिशवीत खाली ठेवला. ह्यांनी स्वतःसाठी काय बांधलं असेल तर एक चादर, तीही कपाट उघडं ठेवून.

नेकनूरपर्यंत एसटीनं आणि पुढं जीपनं गेलो. घनदाट अरण्य म्हणजे आमच्याकडची नेहमीची टेकडी निघाली. सीताफळीची झुडपं, हिवर, तरवड आणि जागोजागी बाभळी. आमच्याकडं शेरडं चारायला नेतात तसल्या माळाकडं पुण्याहून आलेली मंडळी हात जोडून बघत होती. पहिल्याच दिवशी झाडाला मिठी मारायचं सत्र होतं. त्यात एका गृहस्थांनी नेमकी बाभूळ निवडली. मौन असल्यामुळं बिचाऱ्यांना ओरडताही येईना.

गुरुजी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते. अहंकार सोडा, असं ते मंचावरून सांगत आणि त्यांच्या मागं त्यांचाच छतापर्यंत पोचलेला फोटो होता. आम्हा सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत गोळा केले होते, पण गुरुजींचा त्यांच्या कुर्त्याच्या खिशात अधूनमधून थरथरायचा. ती वैश्विक स्पंदनं असावीत.

मौन सुरू व्हायच्या आधी गुरुजींनी एक गोष्ट हळूच सांगून टाकली. आश्रमात स्वयंपाक करणाऱ्या दोघी बाया दिवाळी झाल्यावर नवऱ्यांबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं की या दिवसांत निम्मी वाडी कारखान्यावर असते. पण गुरुजींना ते ऐनवेळी कळलं होतं. "अन्न शिजवणं हेही ध्यानच आहे," ते म्हणाले. "म्हणून यंदा आपण साधकांनाच ही संधी देत आहोत." मग सेवा वाटल्या. पुरुषांना वृक्षसेवा, म्हणजे रोज एका झाडाला एक डबा पाणी. बायकांना अन्नसेवा. पुण्याच्या बायकांनी गोड आवाजात आम्हाला भाकरी येत नाही असं सांगितलं, त्यांना रांगोळीसेवा मिळाली. येत नाही म्हणायची अक्कल मलाही सुचली असती. मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून आमचे हे मोठ्यानं बोलले.

"आमच्या हिच्या हातची भाकरी खाऊन बघा तुमी! लई पातळ. असा पापुद्रा सुटतो!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. व्यवस्था बघणाऱ्या ताईंनी टाळी वाजवली. "वा, मग तर काळजीच मिटली!" आणि लगेच घंटा वाजली, मौन सुरू झालं. मला एवढा राग आला होता की बोलायची मुभा असती तर त्या टेकडीवरचे मोर उडून गेले असते. सवलतीत मिळालेला नवरा समोर छाती फुगवून बसला होता.

मग काय, सकाळी आसनं, मग चूल. दुपारी प्रवचन, मग चूल. माझ्याबरोबर नेकनूरच्या एक शेतकरी काकू होत्या आणि आमच्याच भागातल्या चारपाच जणी. एवढ्या माणसांच्या भाकऱ्या थापायच्या म्हणजे घरचं बरं वाटायला लागलं. शिवाय गुरुजी एकदा चुलीपाशी येऊन म्हणाले, "प्रत्येक भाकरीत प्रेम ओता." माझ्या हातातलं पीठ त्यांच्या शुभ्र कुर्त्यावर जाता जाता राहिलं. कांदा-लसूण वर्ज्य, मिरचीचा ठेचा तामसी. प्रेम तेवढं हवं तितकं चालत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या ध्यानाला मी आदल्या दिवसासारखी मांडी घालून बसले. ध्यान संपायच्या बरंच आधी एक छोटी घंटा व्हायची. ती फक्त अन्नसेवेच्या बायकांसाठी. तिच्या आवाजाला आम्ही गुपचूप उठून चुलीकडं जायचं आणि बाकीच्यांनी परमात्म्याकडं. घंटा झाली. काकू उठल्या, बाकीच्या उठल्या. मला मात्र पहिल्या दिवशीचा एक नियम आठवला. ध्यानात खोल गेलेल्या साधकाला हाक मारू नये, हात लावू नये, त्याच्या नाडीला झटका बसतो. गुरुजींनी स्वतः सांगितला होता.

मी उठले नाही.

ताईंच्या पावलांचा आवाज आला. त्या माझ्यापाशी थांबल्या, खाकरल्या, बांगड्या वाजवून पाहिल्या. मी दगड. शेवटी त्या गेल्या. आणि मग काहीच झालं नाही. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही मागितलं नाही. बाहेर पाखरं बोलत होती, तीही माझ्याशी नाही. लग्न झाल्यापासून जागेपणी एवढा वेळ कुणी मला काही न विचारता गेल्याचं आठवत नाही. मला फार बरं वाटलं. किती बरं वाटलं हे सांगायला लागले तर हसाल, पण माझे खांदे खाली उतरलेले मला कळले. ते वर चढलेले होते हेच मला ठाऊक नव्हतं.

हात मात्र ऐकेनात. भाकरीची वेळ झालेली, त्यामुळं ते मांडीवर आपोआप थापायला लागले. डाव्यानं फिरवायचं, उजव्यानं थापायचं. गुरुजींनी ते पाहिलं आणि दबक्या आवाजात सगळ्यांना सांगितलं, "पाहा. ऊर्जा हातांवाटे वाहते आहे. या ताई फार पुढं गेल्या आहेत." त्यासाठी त्यांनी ध्यानातलं स्वतःचं मौन मोडलं. गुरूला ते चालत असावं.

रात्री भांडी विसळताना काकू माझ्या कानाशी आल्या. "खरं सांग गं, समाधी लागली व्हती का झोप?"

"दोन्ही न्हाई. नुस्ती बसले व्हते."

काकूंनी परात पालथी घातली. "बाई, मंग मी बी उद्या बसते."

ही गोष्ट चुलीपाशी एकीकडून दुसरीकडं जायला कितीसा वेळ लागतो? तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचं ध्यान होतं, मग जेवण आणि निरोप. छोटी घंटा झाली. कुणी उठलं नाही. ताईंनी पुन्हा वाजवली, जरा चिडून. आम्ही सगळ्या ओळीनं बसलेल्या, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि काकूंचे हात तर माझ्यापेक्षा जोरात थापत होते. मी पापणीच्या फटीतून पाहिलं. गुरुजींची पंचाईत झाली होती. काल माझी समाधी खरी ठरवली, आज या सगळ्यांची खोटी कशी म्हणणार? ताई त्यांच्या कानाशी लागल्या, ते मान हलवत राहिले. वेळ झाली तशी जेवणाची मोठी घंटाही कुणीतरी सवयीनं वाजवली. पुरुष हात धुऊन पंगतीला बसले. पानं मांडलेली, चूल थंड.

तेव्हा मला ह्यांची गोळी आठवली. मोठी घंटा झाली की आमचे हे गोळी घेतात. घेतलीच असणार. आता जेवण मिळालं नाही तर घाम फुटणार. मी डोळे मिटून हिशेब करत बसले. उठावं तर सगळ्यांची समाधी माझ्यामुळं मोडणार, काकू आयुष्यभर बोलणार नाहीत. न उठावं तर हा माणूस पडायचा. पिशवी त्यांच्याच खोलीत होती. लाडवांचा डबा तिच्यात होता. उठून घ्यायचा आणि खायचा, याला कुठला गुरू लागतो? मला ह्यांचा राग येत होता आणि काळजीही वाटत होती, आणि काळजी वाटते याचा जास्त राग येत होता.

बऱ्याच वेळानं ओळखीची पावलं आली. गुडघा कट्कन वाजला, हे माझ्यासमोर खाली बसले. त्यांचा श्वास जोरात चालला होता. सगळा मंडप चिडीचूप. ह्यांनी मौन पाळायचं म्हणून अगदी कुजबुजत विचारलं,

"आगं… लाडू कुठं ठेवलेत?"

आणि मी काही ठरवायच्या आधीच माझं तोंड बोललं. डोळे मिटलेले, हात थापत असलेले, आणि आवाज घरातल्यासारखा खणखणीत.

"पिशवीत खाली, स्टीलच्या डब्यात! वर तुमची बनियन हाय, ती काढा आधी!"

पहिल्यांदा काकू फुटल्या. मग सगळी ओळ. पुण्याच्या बायकाही पोट धरून हसायला लागल्या. मीही हसले, आणि हसता हसताच मला रडू आलं. परमात्म्याच्या दारात जाऊन बसले तरी मला बनियन कुठं आहे ते सांगावं लागलं होतं.

गुरुजी मात्र मोठे हुशार. त्यांनी दोन्ही हात वर केले. "हीच खरी करुणा!"

हे डबा घेऊन आले, एक लाडू तिथंच उभ्यानं खाल्ला. रंग जरा परत आला तसं त्यांनी इकडंतिकडं बघितलं. सगळी पंगत त्यांच्या डब्याकडं बघत होती. हे मनानं उदार आहेत, विशेषतः दुसऱ्यानं केलेल्या वस्तूंच्या बाबतीत. "घ्या हो, घ्या. आमच्या हिच्या हातचे हायेत," म्हणत त्यांनी डबा फिरवला. मोडून, अर्धे अर्धे करून सगळ्यांना पुरले. गुरुजींनी प्रसाद म्हणून दोन अख्खे घेतले. काकू खाऊन म्हणाल्या, "गूळ जरा कमी पडला गं." ज्या शिबिरात मी आयतं जेवायला गेले होते, त्याचं शेवटचं जेवण मी घरूनच करून नेलं होतं.

येताना नेकनूरला एसटीत बसलो, ह्यांनी तिकिटं काढली. मग म्हणाले, "तू जागीच व्हतीस न्हवं?"

"व्हय."

"मंग उठली कावून न्हाईस?"

मी उत्तर दिलं नाही. ह्यांनी पुन्हा विचारलं नाही. माझ्याकडं एकदा बघितलं आणि केज येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. तीन दिवसांतलं खरं मौन तेवढंच झालं.

घरी आलो. सासूबाईंनी दारातच दशम्या पुरल्या नाहीत म्हणून सांगितलं. मी हातपाय धुऊन देवापुढं विभूती लावली आणि तिथंच भिंतीला टेकून डोळे मिटले. थोड्या वेळानं न्हाणीघरातून हाक आली.

"आगं, टॉवेल कुठं हाय?"

ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. दुसरी हाक आली, तिसरी आली. सासूबाई म्हणाल्या, "बहिरी झालीस का रानात जाऊन?" मी डोळे उघडले नाहीत. मग ओल्या पावलांचा आवाज झाला, कपाटाचं दार करकरलं, काहीतरी खाली पडलं, आणि थोड्या वेळानं हे आनंदानं ओरडले, जणू मलाच बातमी देत होते.

"सापडला गं! हितंच हाय की, कपाटात!"

लग्न झाल्यापासून तो तिथंच असतो.