गादीवाल्याच्या भिंतीवरची रेघ

"साहेब, शेवटचं सांगा. रोड कितीवर येनार?"

रहमानचाचा हातात खडू घेऊन उभे होते. नारायणगावला लागून वारूळवाडीत त्यांचं गाद्यांचं दुकान. कापूस पिंजायचं मशीनही तिथंच. आमच्या कंपनीकडे समोरचा रस्ता रुंद आणि उंच करायचं काम होतं. मी साइट इंजिनिअर. चार महिने दुकानापुढे खड्डा आणि बॅरिकेड. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. तरी चाचांचं म्हणणं एवढंच, की पाणी आत येऊ नये.

मी ड्रॉइंगमध्ये एफआरएल पाहिला. म्हणजे डांबर पडल्यावर रस्ता किती उंच राहील, तो आकडा. त्यांच्याच खडूनं भिंतीवर रेघ मारली. "इथपर्यंत. पक्कं."

"मंग आमी त्याच्यावर इतभर जोतं घेतो."

आठवड्यानं सुधारित ड्रॉइंग आलं. पुढची रस्त्याखालची मोरी मोठी झाली होती, म्हणून रस्ता आणखी दोन फूट वर. मी सर्व्हेअरला सांगितलं, रोलरवाल्याला सांगितलं. चाचांना सांगायचं राहून गेलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. समोर ते मुरूम टाकून घेत होते, आणि कोणत्या तोंडानं सांगू म्हणून मी रोज पलीकडच्या बाजूनं जायचो. लिहितानाही लाज वाटते.

फरशी बसली, तेव्हा चाचांनी मुद्दाम बोलावून चहा पाजला. मी चहा प्यालो आणि फरशी छान झाली म्हणालो.

डांबर पडलं. दुकान रस्त्यापेक्षा सव्वा फूट खाली गेलं. वळवाच्या एका सरीत आतला सगळा कापूस भिजला, मशीनची मोटर जळाली.

मी प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेलो. "सर, निदान त्या दुकानापुढची गटार आधी करू."

"लेव्हल लेखी दिली होतीस?"

"नाही. तोंडी."

"मग दिलीच नाहीस. गप बस."

मी गप्प बसलो. तोवर सवय झालीच होती.

चाचा भांडले असते तर बरं झालं असतं. ओला कापूस बाहेर काढता काढता म्हणाले, "तुमी तर लई पक्कं सांगितलं व्हतं, साहेब." आता दुकानाला कुलूप आहे. चाचा मंचरला दुसऱ्याच्या दुकानात गाद्या शिवतात.

रस्ता झकास झालाय. नवीन इंजिनिअर आला की मी त्याला एवढंच सांगतो: सुधारित ड्रॉइंग आलं की आधी रस्ता ओलांडून दुकानात जा. रोलरवाल्याला नंतर सांग.